काचेवर उतरलेले आकाश

मुंबई उपनगरातील बोरिवलीच्या पश्चिमेस एक खाडी आहे. होडीतून ती खाडी ओलांडली की गोराई हे गाव लागते. माडांच्या रांगा, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या कोळ्यांच्या होड्या आणि लांबवर पसरलेली वाळू असे या गावाचे रूप आहे. थंडीच्या दिवसांत, अमावास्येच्या सुमारास, रात्री या किनाऱ्यावर जाऊन उभे राहावे. पूर्वेकडे महानगराच्या दिव्यांचा पिवळसर उजेड आकाशाच्या कडेला चिकटलेला दिसतो. पश्चिमेकडे मात्र समुद्रावर अजून काळोख असतो. उत्तरेस, क्षितिजापासून सुमारे १९ अंशांच्या उंचीवर, एक मध्यम तेजाचा तारा स्थिर असतो. तो ध्रुवतारा होय.

या ताऱ्याच्या दिशेने तोंड करून कोणी जुन्या पद्धतीचा फिल्मचा कॅमेरा तिपाईवर बसविला आणि त्याची झडप एक तासभर उघडी ठेवली, तर काय होईल? फिल्म धुतल्यानंतर तिच्यावर ताऱ्यांचे ठिपके दिसणार नाहीत. ध्रुवताऱ्याभोवती फिरलेल्या शेकडो बारीक कमानी दिसतील आणि प्रत्येक कमान १५ अंशांची असेल. त्या एका तासात पृथ्वी स्वतःभोवती तेवढी फिरली, याचा तो लेखी पुरावा. आपण तासभर टक लावून पाहिले असते तरी हे चित्र आपल्या डोळ्यांना दिसले नसते.

डोळा आणि फिल्म यांत हाच मोठा भेद आहे. डोळा क्षणाक्षणाला पाहतो आणि क्षणाक्षणाला विसरतो. अंधुक ताऱ्याकडे कितीही वेळ पाहिले तरी तो अधिक तेजस्वी दिसत नाही. फिल्मवरील चांदीच्या क्षारांचा लेप मात्र आलेला प्रकाश साठवीत जातो. एका मिनिटात जे उमटले नाही ते दहा मिनिटांत उमटते, दहा मिनिटांत उमटले नाही ते तासाभरात उमटते. फिल्म येण्यापूर्वी हाच लेप काचेच्या तावदानावर चढवीत असत. अशा काचांच्या आणि एका मोठ्या दुर्बिणीच्या साहाय्याने आपल्या महाराष्ट्रात आकाशाचा अभ्यास करणारा एक थोर पुरुष होऊन गेला. त्याचे नाव कावसजी दादाभाई नायगामवाला. त्याच्या आयुष्याची हकीकत आज आपण पाहणार आहोत.

कावसजींचा जन्म १८५७ मध्ये एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत झाले. पदार्थविज्ञान आणि रसायन हे त्यांचे आवडीचे विषय. १८७८ मध्ये ते एम. ए. झाले आणि कुलपतींच्या सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. त्या काळी अशा हुशार तरुणापुढे वकिली, सरकारी हुद्दा किंवा व्यापार असे धनाचे अनेक मार्ग मोकळे होते. कावसजींनी ते मार्ग बाजूस सारले आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविण्याचे काम पत्करले.

ज्योतिषशास्त्रात त्या वेळी मोठे स्थित्यंतर घडत होते. शतकानुशतके ज्योतिर्विद एकच प्रश्न विचारीत आले होते : तारा कोठे आहे? आता ते दुसरा प्रश्न विचारू लागले : तारा कशाचा बनला आहे? कोट्यवधी मैल दूर असलेल्या ताऱ्याचा तुकडा कोणी हातात घेऊन पाहू शकत नाही. मग त्याची घटना कळावी कशी? याचे उत्तर एका काचेच्या लोलकात सापडले. सूर्याचा किरण लोलकातून गेला की तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा असा रंगांचा पट्टा पडतो, हे तुम्ही पाहिले असेल. त्या पट्ट्यास वर्णपट म्हणतात. वर्णपट नीट न्याहाळला तर त्यात अनेक बारीक रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. लोखंडाच्या वेगळ्या, सोडियमच्या वेगळ्या. माणसाच्या अंगठ्याच्या ठशावरून जसा माणूस ओळखावा, तसे या रेषांवरून मूलद्रव्य ओळखता येते. ज्या यंत्राने वर्णपट पाहतात त्यास वर्णपटदर्शक म्हणतात.

याच सुमारास छायाचित्रणाची कलाही आकाशाकडे वळली होती. १८५१ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलाचे पहिले चांगले छायाचित्र घेतले गेले. १८८० मध्ये अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. १८८३ मध्ये इंग्लंडातील कॉमन यांनी त्याच तेजोमेघाचे असे एक छायाचित्र घेतले की, दुर्बिणीतून डोळ्याला न दिसणारे तारेही त्यात उमटले होते. दुर्बीण, वर्णपटदर्शक आणि छायाचित्राची काच या तीन साधनांच्या मीलनातून खगोलभौतिकी हे नवे शास्त्र जन्मास येत होते. हे सारे युरोप-अमेरिकेत चालले होते. हिंदुस्थानात, तेही एका हिंदी माणसाच्या हातून, असे काही घडू शकेल, असे त्या वेळी फार थोड्यांना वाटत होते.

१८८२ मध्ये भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी एल्फिन्स्टन महाविद्यालय पाहण्यास आले. त्यांनी वर्णपटांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारावी म्हणून ५,००० रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तितकीच रक्कम आपल्याकडून घातली. त्या काळच्या रुपयाची किंमत ध्यानात घेतली म्हणजे ही रक्कम लहान नव्हती, हे कळून येईल. या पैशाचा उत्तम उपयोग कसा होईल, याचा विचार करण्याची जबाबदारी तरुण कावसजींवर आली.

१८८४ मध्ये कावसजी इंग्लंडला गेले. तेथील ज्योतिर्विदांशी त्यांनी विचारविनिमय केला आणि त्यातून त्यांच्या मूळ योजनेचे रूपच पालटले. वर्णपटाचा अभ्यास चार भिंतींच्या प्रयोगशाळेत तर करता येईलच. पण त्यास मोठ्या दुर्बिणीची जोड दिली तर सूर्य, तारे आणि तेजोमेघ हीच आपली प्रयोगशाळा होईल, हे त्यांना पटले. मुंबईची हवा दमट; समुद्राची वाफ आणि शहराचा धूर यांमुळे तेथील आकाश निवळ नसते. म्हणून वेधशाळा पुण्यास उभारावी असे ठरले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजींची बदली झाली आणि १८८८ च्या सुमारास तेथे वेधशाळा सिद्ध झाली. देणगीदाराचे स्मरण म्हणून तिला महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा असे नाव देण्यात आले. आज अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध असलेली पुण्याची सीओईपी ही संस्था म्हणजे त्याच सायन्स कॉलेजचा आजचा अवतार होय.

या वेधशाळेची मुख्य दुर्बीण डब्लिन येथील ग्रब यांच्या प्रख्यात कारखान्यातील होती. तिच्या आरशाचा व्यास २० इंच होता. एवढी मोठी दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात दुसरी नव्हती. अशी दुर्बीण सांभाळणे हे सोपे काम नव्हे. तिचा आरसा काचेचा असतो आणि त्यावर चांदीचा अतिशय पातळ मुलामा दिलेला असतो. दमट हवेने ही चांदी काळवंडते. मग आरसा उतरवून, स्वच्छ करून त्यावर पुन्हा मुलामा चढवावा लागतो. पुण्यास जून ते सप्टेंबर हे चार महिने आकाश मेघांनी झाकलेले. उरलेल्या महिन्यांतही चांदण्या रात्री तेजोमेघांच्या निरीक्षणास निरुपयोगी. म्हणजे वर्षातून मोजक्याच रात्री हाती लागत. शिवाय दिवसा विद्यार्थ्यांना शिकविण्याचे काम असेच. दिवसाचे शिक्षक आणि रात्रीचे ज्योतिर्विद असे कावसजींचे दुहेरी जीवन सुरू झाले.

आकाशाचे छायाचित्र घेणे हे तर त्याहून जिकिरीचे. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकताना दिसतात. गोराईच्या किनाऱ्यावरील कॅमेऱ्यात उमटलेल्या कमानी आपण वर पाहिल्याच. कमान नको, ठिपकाच हवा असेल, तर दुर्बीण ताऱ्याबरोबर तितक्याच संथ गतीने फिरत राहिली पाहिजे. त्यासाठी तिला वजनांवर चालणारे घड्याळयंत्र जोडीत. तरीही यंत्र किंचित पुढे-मागे होई. म्हणून निरीक्षकाला तासन् तास नेत्रिकेस डोळा लावून एक तारा बारीक तारेच्या छेदावर धरून ठेवावा लागे. डोळा ढळला, हात कापला, की रात्रभराचे श्रम वाया! काच काळोखातच चौकटीत घालायची, काळोखातच काढायची आणि काळोखातच रसायनांनी धुवायची. मंद तांबड्या दिव्याच्या उजेडात जेव्हा त्या काचेवर हळूहळू आकृती उमटू लागे, तेव्हाच कळे की रात्र सत्कारणी लागली की फुकट गेली.

आता त्या काळातील एका मोठ्या वादाची गोष्ट ऐका. थंडीच्या दिवसांत रात्री मृग नक्षत्र सहज ओळखता येते. चार कोपऱ्यांना चार ठळक तारे आणि मध्ये एका रांगेत तीन तारे. या तिघांना आपण व्याधाचा बाण म्हणतो. बाणाच्या दक्षिणेस अंधुक ताऱ्यांची लहानशी ओळ आहे आणि तिच्या मध्यभागी धूसर डाग दिसतो. तो तारा नव्हे. तो प्रचंड विस्ताराचा, तेजाळ वायूचा मेघ आहे. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ही रेषा कोणत्या मूलद्रव्याची, यावर इंग्लंडातील दोन थोर शास्त्रज्ञांत कडाक्याचे मतभेद होते. एक सर नॉर्मन लॉकियर आणि दुसरे सर विल्यम हगिन्स. लॉकियर यांचा सिद्धान्त असा होता की, विश्वातील तेजोमेघ हे उल्कांच्या थव्यांपासून झाले आहेत आणि ही रेषा मॅग्नेशियमची आहे. तसे असेल तर रेषेची एक कडा पुसट, विरत गेलेली दिसावयास हवी होती. हगिन्स यांना हे मान्य नव्हते.

लॉकियर म्हणजे कोणी सामान्य असामी नव्हते. सूर्यावरील हेलियम वायूच्या शोधाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १८६९ मध्ये सुरू झालेल्या नेचर या जगप्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकाचे ते संस्थापक व संपादक होते. दूरच्या देशातील एका महाविद्यालयातील तरुण अध्यापकाने त्यांच्या सिद्धान्ताच्या विरुद्ध बोलणे ही धाडसाची गोष्ट होती. कावसजींनी पुण्याच्या दुर्बिणीस शक्तिमान वर्णपटदर्शक जोडून ती हिरवी रेषा पुनःपुन्हा तपासली. त्यांना ती दर वेळी रेखीव व धारदार दिसली. कडा कोठेही पुसट नव्हती. जे दिसले ते त्यांनी लिहिले, आणि ते निरीक्षण १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध झाले. लॉकियर यांच्या मताला ते अनुकूल नव्हते. पण कावसजींनी ना त्यात भर घातली, ना काट केली. मोठ्या माणसाचे मत एका बाजूस आणि आपल्या यंत्रात दिसलेले सत्य दुसऱ्या बाजूस, असा प्रसंग आला तर शास्त्रज्ञाने कोणती बाजू घ्यावी, हे त्यांनी आपल्या वागण्याने दाखविले.

त्या हिरव्या रेषेचे कोडे पुढे फार उशिरा सुटले. १९२७ मध्ये अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी सिद्ध केले की, ती रेषा मॅग्नेशियमची नाही आणि एखाद्या अज्ञात मूलद्रव्याचीही नाही. आपण श्वासावाटे घेतो त्याच ऑक्सिजनची ती आहे. मात्र तो ऑक्सिजन अत्यंत विरळ अवस्थेत असून त्याच्या अणूंनी आपले दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. छत्तीस वर्षांपूर्वी पुण्यास जे दिसले होते, ते खरेच होते.

यानंतर कावसजींच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटका आली. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते आणि त्याचा छायापट्टा महाराष्ट्रातून जाणार होता. कोकणात विजयदुर्गाच्या परिसरात चंद्राची सावली भूमीवर यावयाची आणि तेथून सोलापूर जिल्हा, विदर्भ असे करीत ईशान्येस जावयाची. जगभरच्या शास्त्रज्ञांचे डोळे त्या पट्ट्याकडे लागले. सर नॉर्मन लॉकियर स्वतः विजयदुर्गास आले. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात, मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जेऊर नावाचे लहानसे स्थानक आहे. तेथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल आपल्या ४० फूट लांबीच्या कॅमेऱ्यासह उतरले. जपानहूनही एक तुकडी तेथे आली. याच जेऊरच्या माळावर कावसजींनीही आपली छावणी ठोकली. परक्या देशांतील नामवंतांच्या शेजारी पुण्याच्या वेधशाळेची यंत्रे उभी राहिली.

तो काळ मोठा कठीण होता. १८९६-९७ मध्ये दख्खनने दुष्काळ सोसला होता. १८९७ मध्ये पुणे शहरावर प्लेगचा भयंकर घाला पडला होता. माणसे घरेदारे सोडून रानात राहत होती. अशा दिवसांत जड यंत्रे आगगाडीने आणि बैलगाड्यांनी हलविणे, विटा-दगडांचे चौथरे बांधून ती अचूक दिशेने बसविणे आणि मदतनीस शिकवून तयार करणे हे काम किती अवघड असेल, याची कल्पना करा.

या साऱ्या खटाटोपाचे फळ किती वेळात मिळवावयाचे होते? जेऊर येथे खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटे टिकणार होती! त्या दोन मिनिटांत चंद्र सूर्यबिंब पुरते झाकतो आणि एरवी कधी न दिसणारे प्रभामंडल मोत्यासारख्या तेजाने सूर्याभोवती उजळते. खग्रास लागताना आणि सुटताना अवघे काही सेकंद सूर्याच्या कडेचा वर्णपट पालटतो. एरवी काळ्या दिसणाऱ्या रेषा एकाएकी तेजस्वी होतात. हे सारे काचांवर टिपून घ्यावयाचे. एक काच काढावयाची, दुसरी घालावयाची, झडप उघडावयाची, मिटावयाची. हात चुकला तर दुरुस्तीस वेळ नाही. ढग आला तर दैवाला दोष देण्यावाचून उपाय नाही. म्हणून ग्रहणाच्या मोहिमांत आधी कित्येक दिवस रंगीत तालीम करतात. एक जण मोठ्याने सेकंद मोजतो आणि प्रत्येक जण आपापले ठरलेले काम त्या आकड्यांवर करतो. गंमत अशी की, ज्यांनी त्या दृश्यासाठी शेकडो कोसांचा प्रवास केलेला असतो, त्यांतल्या पुष्कळांना ते डोळे भरून पाहताच येत नाही! काचेवर ते उमटावे म्हणून त्यांची नजर यंत्रावरच खिळलेली असते.

ग्रहणाच्या दिवशी जेऊरचे आकाश निरभ्र होते. दुपारच्या वेळी उजेड मंदावत गेला, हवा गार झाली आणि चंद्राची सावली माळावरून सरकत आली. दोन मिनिटे अंधार पडला. पुन्हा उजेड झाला. त्या दोन मिनिटांत जेऊरच्या छावण्यांतील काचांवर प्रकाशाने आपले अक्षर लिहून ठेवले होते.

पण खरे काम तेथून पुढे होते. प्रत्येक काच धुवावयाची, तिच्यावरील रेषांची अंतरे सूक्ष्मदर्शकाने मोजावयाची, त्यांचे कोष्टक करावयाचे आणि कोणती रेषा कोणत्या मूलद्रव्याची हे ठरवावयाचे. दोन मिनिटांत घेतलेल्या नोंदींचा अहवाल पुस्तकरूपाने प्रसिद्ध होण्यास चार वर्षे लागली. १९०२ मध्ये तो तख्तसिंहजी वेधशाळेच्या ग्रंथमालेचा पहिला खंड म्हणून निघाला. घाईने काही सांगून टाकावे आणि वाहवा मिळवावी, हा कावसजींचा स्वभाव नव्हता.

पुढे १९१२ मध्ये कावसजी निवृत्त झाले. त्यांच्या निवृत्तीबरोबरच पुण्याची वेधशाळा बंद करण्यात आली. दक्षिणेत कोडाईकनालच्या डोंगरावर सरकारची सौर वेधशाळा आधीच सुरू झालेली होती. पुण्याची यंत्रे तिकडे पाठविण्यात आली. ज्या दुर्बिणीपाशी त्यांनी आपल्या उमेदीची वर्षे घालविली, ती पेट्यांत बांधली जाऊन पुणे सोडून गेली. घुमट रिकामा झाला. एका माणसाच्या निष्ठेवर उभी राहिलेली संस्था त्या माणसाबरोबरच मिटली. कावसजी त्यानंतर २६ वर्षे जगले आणि १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले.

ही हकीकत वाचून तुमचे मन खिन्न होईल. एवढे श्रम अखेर कोठे गेले, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्याचे उत्तर त्या दुर्बिणीनेच दिले आहे. कोडाईकनाल येथे बरीच वर्षे ती पडून होती. परंतु स्वातंत्र्यानंतर ती पुन्हा उभारण्यात आली आणि दात्याच्या स्मरणार्थ भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे लडाखमधील लेह येथेही ती नेण्यात आली. उंच डोंगराळ प्रदेशातील आकाश वेध घेण्यास कितपत अनुकूल आहे, हे पाहण्याच्या कामी तिचा उपयोग झाला. पुण्याच्या घुमटातून निघालेली दुर्बीण हिमालयाच्या पायऱ्या चढली! आणि पुणे तरी आकाशाला कोठे विसरले? १९४४ मध्ये तेथे हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. कावसजींच्या वेधशाळेनंतर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, पुण्यातच आयुका ही खगोलशास्त्राची मोठी संशोधन संस्था उभी राहिली. पहिली वाट पुसट झाली तरी त्या दिशेने जाणारी पावले थांबली नाहीत.

काचांच्या जागी पुढे फिल्म आली आणि आकाशाचे छायाचित्रण सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. १९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, १९९७ मध्ये हेल-बॉप धूमकेतू आला. तेव्हा महाराष्ट्रातील कित्येक हौशी माणसांनी साध्या फिल्मच्या कॅमेऱ्यांनी त्यांची छायाचित्रे घेतली. फिल्ममध्ये ३६ चित्रे बसत. त्यामुळे प्रत्येक झडप उघडण्यापूर्वी नीट विचार करावा लागे, आणि चित्र कसे आले हे फिल्म धुऊन येईपर्यंत कळत नसे. आता असे कॅमेरे आले आहेत की, चित्र त्याच क्षणी दिसते. तरीही काही जण हौसेने अजून फिल्म वापरतात. वाट पाहण्यातही एक शिक्षण असते, हे त्यांना ठाऊक असते.

तुमच्या घरी एखादा जुना फिल्मचा कॅमेरा कपाटात पडून असेल, तर वडीलधाऱ्या माणसांना सोबत घेऊन तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. अंधाऱ्या रात्री, दिव्यांपासून दूर जा. कॅमेरा भक्कम तिपाईवर ठेवा. झडपेची चकती बी या इंग्रजी अक्षरावर आणा, म्हणजे कळ दाबून धरली असेपर्यंत झडप उघडी राहते. कळ हाताने न दाबता लवचिक तारेने दाबा, नाहीतर कॅमेरा हलेल. भिंग अनंत अंतरावर लावा. पंधरा सेकंद झडप उघडी ठेवली तर तारे ठिपक्यांसारखे येतील. अर्धा तास ठेवली तर कमानी येतील. प्रत्येक चित्राची तारीख, वेळ, जागा आणि कालावधी वहीत लिहून ठेवा. वहीवाचून केलेले निरीक्षण म्हणजे पत्त्यावाचून टाकलेले पत्र होय. मात्र एक गोष्ट कधीही विसरू नका : सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी, दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून कधीही पाहू नका. ग्रहणातही योग्य गाळणीशिवाय पाहिल्यास डोळे कायमचे जाऊ शकतात.

गोराईच्या किनाऱ्यावर आज पूर्वीसारखा गडद काळोख उरलेला नाही. शहराचा उजेड वर्षागणिक वाढत आहे आणि फिल्मवर तो धुक्यासारखा पसरतो. पूर्वी कोळी बांधव ज्या ताऱ्यांच्या खुणेने समुद्रात दिशा धरीत, त्यांतील कित्येक अंधुक तारे आता तेथून दिसत नाहीत. तारे होते तेथेच आहेत. आपणच त्यांच्यापुढे उजेडाचा पडदा ओढला आहे. हा पडदा दूर करणे काही अंशी आपल्याच हाती आहे. निष्कारण जळणारा दिवा मालवला, किंवा त्याचा झोत आकाशाकडे न जाऊ देता जमिनीकडे वळविला, तरी आकाशाचे थोडे ऋण फिटेल.

थंडीतील एखाद्या रात्री मृग नक्षत्र डोक्यावर आलेले पाहाल, तेव्हा बाणाच्या खालचा तो धूसर डाग अवश्य शोधा. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यातील एक शिक्षक दिवसाचे अध्यापन संपवून रात्री त्याच डागाकडे पाहत बसत असे. त्याच्यापाशी मोठे सैन्य नव्हते, अधिकार नव्हता, पुरेसे मदतनीसही नव्हते. एक दुर्बीण, काही काचा आणि जे दिसेल तेच लिहिण्याचा निश्चय, एवढेच त्याचे भांडवल होते. वेधशाळा गेली, घुमट गेला. पण त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलेली ती धारदार हिरवी रेषा मात्र आजही तशीच खरी आहे.